फूल आणि दोन पाने : मुक्त गोव्याची पहिली पाच वर्षे

उत्तर कोकणातील चेणे, घोडबंदर, वसई हा टापू पोर्तुगिजांच्या हातून सुटला तो १७३७-३९ च्या वसई मोहिमेत. गोव्याला त्यासाठी १९ डिसेंबर १९६१ पर्यंत वाट पाहावी लागली. या सव्वादोनशे वर्षांच्या अंतराचा विसर पडला की गोव्याच्या पुढच्या इतिहासाचे आकलन चुकते. उत्तर कोकणाच्या दृष्टीने पोर्तुगीज अंमल ही पडक्या तटबंदीची गोष्ट आहे. गोव्यात मात्र तो जमिनीची मालकी, शाळा, न्यायालय आणि जातिव्यवस्था यांत मुरलेला होता.

गोवा काही स्वतंत्र राष्ट्र झाला नाही. परंतु लहानशा नवस्वतंत्र देशापुढे जे प्रश्न उभे राहतात, ते सर्व त्याच्यापुढे उभे राहिले. आपण कोण, आपली भाषा कोणती, आणि कसेल त्याची जमीन होणार की नाही? प्रौढ मताधिकाराने झालेल्या डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत गोव्यातील २८ जागांपैकी एकही काँग्रेसला मिळाली नाही. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि युनायटेड गोवन्स १२ जागांसह विरोधी बाकांवर बसला. पहिल्याचा आग्रह महाराष्ट्रात विलीन होण्याचा, तर दुसऱ्याचा गोव्याचे वेगळेपण राखण्याचा होता.

विलीनीकरणाची मागणी निव्वळ भाषिक होती असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. भाटकाराच्या जमिनीत राबणाऱ्या कुळाला मुंबईच्या सरकारात आपल्या मुक्तीची शक्यता दिसत होती. बांदोडकरांच्या काळात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडल्या आणि १९६४ साली कूळ कायदा आला. बहुजन समाजासाठी मराठी ही वर उठण्याची शिडी होती. दुसरीकडे, विलीनीकरणात आपण विरघळून जाऊ ही ख्रिस्ती समाजाची भीतीही खोटी नव्हती.

येथे साहित्याच्या अभ्यासकाने थांबून पाहावे असा एक तपशील आहे. विलीनीकरणाविरुद्ध प्रभावी प्रचार करणारे मडगावचे दैनिक ‘राष्ट्रमत’ मराठी होते. उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्यातच गाजले. कोकणीची अस्मिता मराठी गद्यातून मांडली गेली, कारण ज्या हिंदू मतदाराचे मन वळवायचे होते त्याच्या वाचनाची भाषा मराठी होती. घरात कोकणी बोलणारा आणि वर्तमानपत्र मराठीत वाचणारा हा माणूस दोन्ही बाजूंच्या घोषणांत बसत नव्हता. तरीही निकाल त्याच्याच हाती होता.

हा कौल निवडणुकीचा भाग नसावा म्हणून संसदेने १९६६ साली स्वतंत्र कायदा केला. मतदान निःपक्षपाती व्हावे यासाठी बांदोडकरांचे मंत्रिमंडळ त्याआधीच पायउतार झाले. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदारांपुढे दोन चिन्हे होती : विलीनीकरणासाठी फूल, केंद्रशासित राहण्यासाठी दोन पाने. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा.

महाराष्ट्रात या निकालाकडे बहुधा मराठीचा पराभव म्हणून पाहिले गेले. पण जेमतेम अडीच महिन्यांनी, मार्च १९६७ च्या निवडणुकीत, याच मतदारांनी बांदोडकरांना पुन्हा सत्तेवर बसवले. आपले राज्य वेगळे असावे आणि त्या राज्यात कुळांचा कैवारी मुख्यमंत्री असावा, या दोन इच्छा त्यांना परस्परविरोधी वाटल्या नाहीत. पक्षांनी एकत्र बांधलेले दोन प्रश्न मतदाराने सुटे केले. राजकीय शहाणपण याहून वेगळे काय असते?

पुढे १९७५ साली साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. १९८७ च्या कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली, शासकीय वापरासाठी मराठीलाही जागा राहिली, आणि त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटक राज्य झाला. वाद मिटला असे नाही. रोमी लिपीतील कोकणीचे लेखक आपल्या वगळले जाण्याबद्दल आजही बोलतात, आणि त्यांचे म्हणणे ऐकण्याजोगे आहे.

भाषा आणि राज्य यांच्या सीमा एकच असाव्यात, हे भाषावार प्रांतरचनेने आपल्या अंगवळणी पाडलेले गृहीतक. गोव्याच्या मतदाराने ते नाकारले, पण मराठी नाकारली नाही. आपल्या भाषेत कुणी आपल्याला नम्रपणे नकार देऊ शकतो, हेही त्या भाषेच्या समृद्धीचेच लक्षण म्हणायला हवे.