बंद घाण्याची शाळा

दिवाळी म्हटली की तेल आलेच. पहाटेचे अभ्यंग तेलावाचून होत नाही आणि चकलीची कढईही तेलावाचून चुलीवर चढत नाही. आमच्या आजीचे माहेर अलिबागेजवळचे. नरकचतुर्दशीला आमच्या डोक्यावर तेल थापताना ती हटकून सांगे, "आमच्या गावी शनवार तेल्याचा घाणा होता. शुक्रवारी दिवे लागायच्या आत बैल सुटायचा, तो शनिवारची तिन्हीसांज उलटेपर्यंत जुंपायचे नाव नाही. मग गिऱ्हाईक दारात उभे राहो, की घरातले तेल संपो!" आम्हां पोरांना त्या बैलाचा मोठा हेवा वाटे.

हे शनवार तेली म्हणजे कोकणातले ज्यू, बेने इस्राएल. त्यांची परंपरा सांगते, की फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याशी त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात जोडपी तेवढी वाचली. धर्मग्रंथ समुद्राने नेले. पिढ्या लोटल्या तशी हिब्रू भाषा विसरली, मराठी मायबोली झाली, आडनावे गावांवरून पडली. सणांनाही घरगुती नावे मिळाली. कुठे खिरीचा सण, कुठे दारे लावून उपास करण्याचा दारफळणीचा सण. तरी शनिवारचा विसावा, मुलाची आठव्या दिवशीची सुंता, खवले आणि पर असलेलेच मासे खाण्याचा नेम आणि 'शमा' ही एकेश्वराची प्रार्थना, एवढी शिदोरी त्यांनी सांडू दिली नाही.

मी पेशाने मास्तर, जुन्या माणसांच्या भाषेत नुसता मॅट्रिक. कादंबऱ्या लिहितो हा माझा दुसरा अपराध. पण मास्तर म्हणून मला या हकिकतीचे कोडे पडते. ग्रंथ नाही, शाळा नाही, मग या मुलांना शिकवले कोणी? मला वाटते, थांबलेल्या घाण्याने. बाप हातचे गिऱ्हाईक परत पाठवतो, हे मूल दर आठवड्याला पाहत होते.

पुढे दावीद राहाबी नावाचा एक ज्यू कोकणात आला, असे परंपरा सांगते. त्याने इथल्या बायकांपुढे नाना तऱ्हेचे मासे ठेवले, आणि त्यांनी चालणारे व न चालणारे बिनचूक वेगळे केले. म्हणजे परीक्षा झाली ती स्वयंपाकघरात! मग त्याने तिघांना धर्मशिक्षण देऊन तयार केले. त्यांना काजी म्हणत. हे काजी गावोगाव फिरत, लग्ने लावीत, तंटे मिटवीत. विखुरलेली घरे त्यांच्या पायपिटीने एकत्र बांधली गेली.

१७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत पहिले प्रार्थनामंदिर बांधले. एकोणिसाव्या शतकात मिशनरी आले. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. गंमत अशी, की हेतू धर्मांतराचा होता, परंतु बेने इस्राएलांना त्यातून आपलेच ग्रंथ परत सापडले. १८४६ साली वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, हगादा, मराठी भाषांतरासह मुंबईत छापली गेली. या रात्रीची रीत मोठी गोड आहे. घरातल्या धाकट्याने विचारायचे, आजची रात्र निराळी का, आणि वडीलधाऱ्यांनी गुलामीतून सुटल्याची कथा सांगायची. धडा सुरू होतो तो मुलाच्या प्रश्नाने! आम्हां मास्तरांनी हे शिकण्यासारखे आहे.

पण पोटाचा प्रश्न होताच. नोकरीला इंग्रजी हवी, आणि इंग्रजीसाठी मिशनच्या शाळेत जावे तर आपल्या धर्माचे काय, ही आईबापांची चिंता. हाईम सॅम्युएल केहिमकर हे मूळचे आमच्या किहीमकडच्या घराण्यातले. त्यांनी १८७५ साली मुंबईत इस्रायली शाळा काढली. हिब्रू प्रार्थनेसाठी, इंग्रजी पोटासाठी, आणि मराठी तर घरचीच. लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनने मदत दिली. पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे माझगावच्या त्या शाळेला त्यांचे नाव मिळाले. रेबेका रूबेन १९२२ ते १९५० तिच्या मुख्याध्यापिका होत्या. शाळेबाहेरही शाळा होती. १८८० च्या सुमारास या समाजाने बायबलातल्या कथांवर मराठी कीर्तने सुरू केली. योसेफाला भावांनी विकल्याची कथा ओवी-साकीतून ऐकताना मुलांबरोबर आजीबाईही शिकत.

१९४८ साली इस्रायल स्थापन झाले आणि त्यानंतरच्या दशकांत बहुतेक घरे तिकडे गेली. आता इकडे चार-पाच हजारांच्या आसपास माणसे उरली आहेत. माझगावच्या शाळेची बाके मात्र ओस पडली नाहीत. गेली कित्येक वर्षे तिथे शिकणारी बहुसंख्य मुले मुसलमान आहेत. ज्या समाजाने आपली मुले आपली राहावीत म्हणून शाळा काढली, त्याच्या माघारी ती शेजाऱ्यांची मुले घडवीत राहिली. हे वाचले तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो. माझ्याही शाळेचा पट दरसाल घटतो आहे. गावची मुले शहराकडे चालली आहेत. उद्या या वर्गात कोण बसेल, हा विचार रात्री झोपू देत नाही.

सुटी लागण्याच्या आदल्या दिवशी मूल्यशिक्षणाच्या तासाला तक्ता बाजूला ठेवून मी मुलांना घाण्याची गोष्ट सांगितली. मागच्या बाकावरच्या पोरीने, तिच्या बापाचे वाण्याचे दुकान आहे, विचारले, "पण गुरुजी, घाणा बंद ठेवला तर त्यांचे नुकसान नाही का व्हायचे?"

"व्हायचे की," मी म्हणालो, "दर आठवड्याला व्हायचे."

ती काही बोलली नाही. पण घंटा झाली तरी ती जागची उठली नव्हती.