दिवसाचे कमाल-किमान: एक तळटीप

* हे आकडे ‘वीवेक्स’ या हवामानाच्या नोंदी ठेवणाऱ्या मुक्त संगणक-प्रणालीतले आहेत. तिच्या मुख्य तक्त्यात साधारण दर ५ मिनिटांना एक ओळ पडते, पण त्या ओळीत तेवढ्या वेळाचे सरासरी तापमान असते. मधली क्षणभराची उसळी त्यात बुजते. म्हणून प्रत्येक घटकाचा दैनिक तक्ता वेगळा ठेवलेला असतो. त्यात दिवसाला एकच ओळ: किमान, कमाल, दोन्हींच्या वेळा, बेरीज आणि नोंदींची संख्या. (दिवसाची सरासरी भागाकार करून काढायची.) टोकाचे आकडे काही सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या मोजमापांतून टिपले जातात. या प्रणालीत दिवस स्थानिक मध्यरात्री पालटतो. भारतीय हवामान खाते मात्र किमान सकाळी ८.३० ला व कमाल सायंकाळी ५.३० ला नोंदते, त्यामुळे लेखकाने शेजारी-शेजारी मांडलेले या दोन्हींचे स्तंभ काटेकोर तुलनेचे नाहीत.