शिआत्सु : आईच्या दुखऱ्या सांध्यांपासून सरकारी परवान्यापर्यंत

सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान तुम्ही पाहिलं असेल. जपानमधल्या ओकायामा शहराच्या कोराकुएन बागेवरून ते केलेलं आहे. ओकायामासमोर, समुद्रापलीकडे, शिकोकू बेटावर कागावा प्रांत आहे. तिथे १९०५ साली तोकुजिरो नामिकोशी यांचा जन्म झाला. आज स्पाच्या दरपत्रकात तुम्हाला 'शिआत्सु' हा शब्द दिसतो, तो जगभर पोहोचवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

'शि' म्हणजे बोट, 'आत्सु' म्हणजे दाब. यात तेल लावत नाहीत, कपडेही काढावे लागत नाहीत. अंगठे आणि तळवे यांनी शरीरावर ठरावीक ठिकाणी सावकाश दाब दिला जातो.

जपानमध्ये मालिश त्याआधीही होतं. चीनमधून आलेल्या 'आनमा' या जुन्या पद्धतीवर अनेक अंध व्यक्तींचा चरितार्थ चालत असे. सतराव्या शतकात सुगियामा वाइची या अंध वैद्यांनी अंधांना ॲक्युपंक्चर आणि आनमा शिकवणाऱ्या शाळा काढल्या.

नामिकोशी सात वर्षांचे असताना त्यांचं कुटुंब उत्तरेकडच्या होक्काइदो या थंड बेटावर राहायला गेलं. तिथे आईचे सांधे दुखू लागले. गावात डॉक्टर नव्हता, म्हणून मुलंच तिचं अंग दाबून देत. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना दाबलं की तिला जास्त आराम पडतो, असं तोकुजिरोंच्या लक्षात आलं आणि पुढे ती बरी झाली, असं ते सांगत. १९२५ साली त्यांनी मुरोरान इथे उपचारकेंद्र उघडलं, १९४० साली टोकियोत शाळा काढली. १९५४ साली जपानला आलेल्या मर्लिन मन्रोवरही त्यांनी उपचार केले.

आई का बरी झाली? दाबामुळे मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींतून कॉर्टिसोन स्रवलं, असं नामिकोशींचं म्हणणं होतं. पण आमवातात कॉर्टिसोनचा उपयोग होतो हे कळलं १९४८ साली, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये. म्हणजे अनुभव आधी आला, कारण नंतर जोडलं गेलं. पाठ दाबून आमवात बरा होतो, हे आजवर सिद्ध झालेलं नाही. शिवाय सांध्यांची दुखणी आपोआपही कमी-जास्त होतात. त्या मुलाच्या हातांनी आईला आराम मिळाला, हे खरंच असेल. पण आराम मिळणं वेगळं आणि आजार बरा होणं वेगळं.

महायुद्धानंतर, १९४७ साली, अमेरिकन लष्करी प्रशासन अशा पारंपरिक उपचारांवर बंदी घालण्याच्या बेतात होतं. उपचारकांनी, विशेषतः अंध उपचारकांनी, कडाडून विरोध केला. बंदी टळली, पण त्याच वर्षी परवान्याचा कायदा आला. १९५५ साली शिआत्सुचं नाव त्या कायद्यात आलं. आज जपानमध्ये शिआत्सु करायचं तर शरीररचना आणि रोगांची ओळख यांसह तीन वर्षांचं शिक्षण घेऊन राष्ट्रीय परीक्षा पास व्हावं लागतं.

आपल्याकडे शिआत्सुसाठी असा सरकारी परवाना नाही. म्हणून चौकशी तुम्हालाच करावी लागते. कुठे शिकलात, किती दिवस शिकलात, असं विचारायला संकोचू नका. ताण, आखडलेली मान किंवा थकवा यांसाठी हलक्या हाताचं शिआत्सु घ्यायला हरकत नाही. त्याबद्दलचा शास्त्रीय पुरावा मात्र अजून तोकडा आहे.

काही वेळा दाब मुळीच घेऊ नका. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं असेल तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. हाडं ठिसूळ असतील, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा तुम्ही गरोदर असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा. मानेच्या पुढच्या बाजूला कुणालाही जोरात दाबू देऊ नका. पाठदुखीसोबत ताप असेल, वजन घटत असेल किंवा पायातली ताकद कमी होत असेल तर आधी तपासणी करून घ्या. लघवीवरचा ताबा गेला तर लगेच रुग्णालय गाठा.

आणि सकाळी बोटांचे सांधे सुजून तासभर आखडत असतील, तर मालिशवर महिने घालवू नका. होक्काइदोतल्या त्या आईसाठी गावात डॉक्टर नव्हता. तुमच्यासाठी आहे, आणि आमवाताची औषधं वेळेत सुरू झाली तर सांधे वाकडे होणं बहुतेक वेळा टाळता येतं.