तळणीची ‘कॉम्प्युटर’ आणि गच्चीवरची रास्पबेरी

कॉम्प्युटर ही एके काळी नोकरी होती. कॉम्प्युटरवर बसून करायची नोकरी नव्हे, चक्क कॉम्प्युटर असण्याची नोकरी. १८९१ साली ग्रिनिचच्या रॉयल ऑब्झर्व्हेटरीत ॲनी रसेल नावाची एक आयरिश मुलगी महिना चार पौंडांवर ‘लेडी कॉम्प्युटर’ म्हणून लागली. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकलेली. काम काय, तर सूर्याचे फोटो काढायचे, त्यावरचे डाग मोजायचे आणि दिवसभर आकडेमोड करायची. १८९५ च्या डिसेंबरात तिने तिथल्याच वॉल्टर माँडरशी लग्न केलं आणि नोकरी सुटली. सरकारी खात्यात लग्न झालेली बाई चालत नव्हती. (नवरा चालत होता, हे सांगायला नकोच.)

आता ही बाई आमच्या मलकापूरच्या गोष्टीत कुठून आली? रेल्वेने.

शनिवार, २२ जानेवारी १८९८, पौष अमावास्या. त्या दिवशी भर दुपारी खग्रास सूर्यग्रहण होतं आणि चंद्राच्या सावलीचा पट्टा कोकणात विजयदुर्गाजवळ जमिनीवर चढून सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून, वऱ्हाड ओलांडून, नागपूरकडून पुढे थेट बिहारमधल्या बक्सरपर्यंत जाणार होता. जगभरचे खगोलशास्त्रज्ञ नकाशे घेऊन बसले. त्यांचा हिशोब सोपा होता. सावलीचा पट्टा आणि रेल्वेची लाइन जिथे एकमेकांना छेदतात तिथे उतरायचं, कारण सोबत मण-मण वजनाची यंत्रं. नॉर्मन लॉकियर विजयदुर्गला गेले (ते अर्थात समुद्रमार्गे), अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल जेऊरला, न्यूऑल आणि कॅप्टन हिल्स पुलगावला. आणि ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या हौशी मंडळींच्या संस्थेची एक तुकडी तळणीला. तळणी म्हणजे धामणगाव आणि पुलगाव यांच्या मधलं छोटं स्टेशन. या तुकडीत वॉल्टर माँडर होते, जॉन एव्हरशेड होते आणि नोकरी गेलेली कॉम्प्युटर ॲनी माँडर होती.

मुंबईहून तळणीला जायचा मार्ग तेव्हाही आजचाच: भुसावळ, मलकापूर, अकोला, बडनेरा. म्हणजे ॲनीबाईंचा कॅमेरा मलकापूर स्टेशनातून गेला. मलकापूर सावलीच्या पट्ट्यापासून बरंच वायव्येला, तेव्हा इथे ग्रहण खंडग्रासच दिसलं असणार. आमच्या गावात उतरायचं कुणाला काही कारण नव्हतं. आमच्या गावात उतरायचं कारण तसंही फार लोकांना कधी नसतंच. कापूस आणि लग्नं सोडून.

मी या सगळ्याच्या मागे लागलो त्याचं कारण गच्चीवर आहे. मलकापूरच्या घराच्या गच्चीवर एका जुन्या इक्वेटोरियल माउंटवर ४०० मिलिमीटरची लेन्स आणि कॅमेरा लावून मी आकाशाचे फोटो काढतो, आणि तो सगळा संसार एक रास्पबेरी पाय सांभाळतो. पत्त्यांच्या जोडाएवढा हा बोर्ड २९ फेब्रुवारी २०१२ ला पहिल्यांदा विक्रीला आला, तोही ॲनीबाईंच्याच केंब्रिजमधून. शाळकरी पोरांनी प्रोग्रॅमिंग शिकावं म्हणून केलेला. पोरांचं माहीत नाही, पण जगभरच्या हौशी आकाशवाल्यांनी तो उचलला. १२ व्होल्टच्या बॅटरीवर एका छोट्या कन्व्हर्टरमधून रात्रभर चालतो, त्यामुळे लाइट गेली तरी फोटो चालू. वऱ्हाडात राहणाऱ्याला या एका गुणाचं मोल सांगायला नको.

पण हा पाय रात्रभर जे करतो ते १८९८ मध्ये कोण करत होतं, हा प्रश्न डोक्यात आला की झोप लागत नाही.

आधी मूळ अडचण बघू. पृथ्वी फिरते, म्हणून आकाश सेकंदाला १५ आर्कसेकंद सरकतं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण खग्रास ग्रहणाच्या दोन मिनिटांत सूर्य जवळजवळ स्वतःच्या रुंदीइतका पुढे जातो. कॅम्पबेलने जेऊरला जो मोठा कॅमेरा लावला होता त्याचं भिंग पाच इंचांचं आणि फोकल लेंग्थ ४० फूट. हो, फूट. त्यात सूर्याची प्रतिमा साडेचार इंचांच्या आसपास पडते, म्हणजे दोन मिनिटांत ती प्रतिमा काचेवर वीतभर नाही तरी अर्धी वीत सरकणार. एवढी नळी फिरवणं शक्यच नाही. मग त्यांनी नळी पक्की बांधली आणि खालच्या टोकाला काचेची प्लेटच घड्याळी यंत्राने सरकवली. सूर्य जितका सरकतो तितकीच प्लेट सरकते, चित्र जागच्या जागी. मला ही युक्ती फार आवडते. सगळी सिस्टिम हलवण्याऐवजी तिचा सगळ्यात हलका भाग हलवायचा. रिव्ह्यूमध्ये असं सोल्युशन कुणी मांडलं तर मी त्याला चहा पाजेन.

बाकी मोठ्या दुर्बिणींना त्या काळी ‘क्लॉक ड्राइव्ह’ असे. वरून सुटणारं वजन, दाती चाकं, आणि वेग एकसारखा ठेवायला गरगर फिरणाऱ्या गोळ्यांचा गव्हर्नर. वजन खाली पोचलं की किल्ली फिरवून परत वर. माझ्या माउंटमध्ये स्टेपर मोटर आहे, पण तिच्याही गिअरला चुका आहेतच. माझ्या कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलमध्ये जवळपास दोन आर्कसेकंद मावतात. म्हणजे मोटर थांबली तर तारा सेकंदाच्या आठव्या भागात पिक्सेल ओलांडतो, आणि मला शटर तीन मिनिटं उघडं ठेवायचं असतं. म्हणून बाजूला दुसरी छोटी दुर्बीण आणि दुसरा कॅमेरा. तो दर दोन सेकंदांनी एका ताऱ्याचा फोटो काढतो, पाय त्या ताऱ्याचा मध्य मोजतो, किती ढळला ते बघतो आणि मोटरला बारीकसा धक्का देतो. पूर्वी हेच काम माणूस करायचा. डोळा आयपीसला, तारा कोळ्याच्या जाळ्याच्या तंतूंच्या फुलीवर, हातात स्क्रू, आणि तासन् तास हलायचं नाही. जानेवारीच्या थंडीत. ज्यांना ‘ऑटोमेशनने मजा गेली’ असं वाटतं त्यांनी एकदा हे करून बघावं.

दुसरी अडचण वेळेची, आणि इथे गंमत आहे. साध्या पायला स्वतःचं घड्याळच नाही. वीज गेली की तो तारीख-वेळ विसरतो, इंटरनेट मिळालं की पुन्हा शिकतो. (२०२३ च्या पाय ५ मध्ये घड्याळ आलं, पण त्याचीही बॅटरी वेगळी लावावी लागते.) गच्चीवर नेट नसेल तर जीपीएस लावावं लागतं, कारण वेळ चार मिनिटं चुकली की आकाश एक अंश चुकलं. आता १८९८ मधल्या वऱ्हाडात वेळ कोणती? रेल्वे मद्रास टाइमवर चालायची. मुंबईचं स्वतःचं घड्याळ त्याच्या सुमारे अर्धा तास मागे. आणि आकाशाला हवा तो तिथला स्थानिक वेळ, तो तिसराच. भारतीय प्रमाणवेळ आली १ जानेवारी १९०६ ला. आजही मलकापूरचा सूर्य मनगटावरच्या घड्याळाच्या सरासरी पंचवीस मिनिटं मागे चालतो. आमची मंडळी लग्नाला उशिरा पोचतात त्याचं हे एक शास्त्रीय कारण मी देत असतो. ग्रहणवाल्यांना हा घोळ सोबतच्या क्रोनोमीटरने आणि रात्री ताऱ्यांचे वेध घेऊन सोडवावा लागे.

आणि तिसरी अडचण म्हणजे हातांची. दोन मिनिटांत किती प्लेट बदलायच्या, कोणती किती सेकंद उघडी ठेवायची, हे सगळं आधी ठरलेलं. प्रभामंडळ, म्हणजे करोना, सूर्याजवळ झगझगीत आणि बाहेर अगदी फिका. एका एक्स्पोजरमध्ये तो मावत नाही, म्हणून लहान-मोठी बरीच लागतात. मग कवायत. एकाने सेकंद मोठ्याने मोजायचे, दुसऱ्याने झाकण काढायचं, तिसऱ्याने प्लेट द्यायची. कॅम्पबेलच्या पत्नी एलिझाबेथ जेऊरला सोबत होत्या, शिवाय स्थानिक स्वयंसेवक हाताशी. आज मी हीच कवायत इंडी आणि ईकॉस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एका तक्त्यात लिहितो आणि झोपतो. तो तक्ता बघितला की मला जेऊरच्या माळावर सेकंद मोजणारा माणूस दिसतो. वर काळोख पडलेला, पक्षी घरट्याकडे निघालेले, आयुष्यात एकदाच दिसणारं दृश्य, आणि याने मान वर करायची नाही. आकडे म्हणत राहायचे.

आता तळणी. ॲनी माँडरने गर्टनच्या पैशांतून करवून घेतलेल्या छोट्या कॅमेऱ्याचं भिंग होतं दीड इंचांचं डालमायर, फोकल लेंग्थ ९ इंच. त्यात सूर्य दोन मिलिमीटरच्या जेमतेम वर. कॅम्पबेलच्या ४० फुटी तोफेपुढे हे खेळणं. पण फोटोग्राफी करणाऱ्याने जरा गणित करावं. ९ भागिले दीड, म्हणजे एफ ६. चाळीस फूट भागिले पाच इंच, म्हणजे एफ ९६. करोनासारख्या पसरलेल्या प्रकाशाला काचेवर किती उजेड पडतो हे या आकड्याच्या वर्गावर ठरतं, तेव्हा त्या खेळण्याच्या प्लेटवर अडीचशेपट जास्त उजेड. मोठा कॅमेरा सूर्याच्या कडेजवळची बारीक नक्षी टिपण्यासाठी होता आणि ती त्याने टिपली. पण ॲनीच्या प्लेटवर करोनाचा एक किरण सूर्यापासून सुमारे साठ लाख मैल लांब गेलेला उमटला. तोवर फोटोत सापडलेला सगळ्यात लांब किरण. तळणी स्टेशनाजवळच्या माळावर, नोकरी नसलेल्या बाईच्या, नऊ इंची कॅमेऱ्यात. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने तिला १८९२ साली नाकारलं होतं. फेलो करून घ्यायला १९१६ उजाडलं.

त्याच मोहिमेची दुसरी तुकडी बक्सरला होती. तिथे नेव्हिल मॅस्केलिन या जादूगाराने ग्रहणाची चक्क फिल्म घेतली होती. परतीच्या प्रवासात ती चोरीला गेली. बॅकअप नव्हता. असो.

जेऊरला आणखी एक माणूस होता, ज्याच्याबद्दल पुण्यात राहूनही मला कुणी सांगितलं नव्हतं. कावसजी दादाभाई नायगमवाला. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये (आजचं सीओईपी) शिकवायचे. १८८२ साली त्यांनी भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींकडून पाच हजार रुपये मिळवले, तेवढेच मुंबई सरकारकडून, आणि त्यातून उभी राहिली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा. डब्लिनच्या ग्रबकडून आलेली २० इंची परावर्ती दुर्बीण १८८८ मध्ये तिथे बसली, तेव्हा भारतात तिच्याएवढी दुसरी नव्हती. ग्रहणाला नायगमवालांनी जेऊर गाठलं, वर्णपटाचे फोटो घेतले. तेव्हा मुंबई-पुण्यात प्लेग चालू होता, हे विसरू नये. रँडच्या खुनाला सात महिने झाले होते. त्यांचा सविस्तर अहवाल १९०२ मध्ये मुंबईहून छापून निघाला. युरोप-अमेरिकेच्या तंबूंशेजारी एका पुणेरी प्राध्यापकाने स्वतंत्र मोहीम नेऊन शास्त्रीय अहवाल काढला, ही गोष्ट ग्रहणाइतकीच दुर्मिळ आहे.

पण वेधशाळा म्हणजे नायगमवाला आणि नायगमवाला म्हणजे वेधशाळा, असं झालं. दुसरा कुणी तयार झालाच नाही. आमच्या धंद्यात याला बस फॅक्टर एक म्हणतात: तो एक माणूस उद्या आला नाही तर प्रोजेक्ट बंद. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले आणि सरकारने वेधशाळा बंद केली. २० इंची दुर्बीण खोक्यांत भरून कोडाईकॅनलला गेली. तिथे तिला ‘भावनगर टेलिस्कोप’ म्हणतात. नावात ना पुणं, ना नायगमवाला. ती पोचली तेव्हा कोडाईकॅनलचे संचालक कोण होते? जॉन एव्हरशेड. तेच, तळणीच्या तंबूतले. त्या शनिवारी तळणीला त्यांनी घेतलेल्या वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा संपतात त्याच्याही पलीकडे, अतिनील भागात, सलग प्रकाश सापडला होता. १९०७ मध्ये ते भारतात कायमच्या कामाला आले आणि १९०९ मध्ये सूर्यडागांतल्या वायूंचा वाहता वेग शोधला, ज्याला आज एव्हरशेड परिणाम म्हणतात. एकाच सावलीखाली दोन ठिकाणी उभे असलेले दोघे. चौदा वर्षांनी एकाची दुर्बीण दुसऱ्याच्या दारात.

गच्चीवर परत येतो, कारण एक गोष्ट सांगायची राहिली. मलकापूरला ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम एकवीस अंश वर, आणि आमच्या उत्तरेला नेमकी शेजारच्या काकांची पाण्याची टाकी. माउंट ध्रुवाकडे रोखायचं कसं? पाय दुसरीकडचेच फोटो काढतो आणि त्यातले चार-चार तारे घेऊन त्यांच्या आकृत्या कार्डावर साठवलेल्या यादीशी जुळवतो. ॲस्ट्रोमेट्री डॉट नेटवाल्यांची ही पद्धत. काही सेकंदांत तो सांगतो की कॅमेरा आकाशात नेमका कुठे बघतोय आणि माउंट किती वाकडं आहे. ग्रिनिचच्या लेडी कॉम्प्युटर प्लेटवर मोजमाप करून, लॉगरिदमची कोष्टकं घेऊन जे करायच्या, ते हेच. काका एकदा वर येऊन बराच वेळ स्क्रीनकडे बघत होते. म्हणाले, “अन् तू काय करून राह्यला मंग?”

प्रश्न बरोबर होता. मी त्यांना खुर्ची दिली आणि मृग नक्षत्र दाखवलं, नुसत्या डोळ्यांनी. पाय त्याच्या कामात होता. प्रत्येक फोटोच्या फाइलला तो वर एक नोंद जोडतो: वेळ, जागा, एक्स्पोजर, तापमान. त्यात निरीक्षकाच्या नावाचाही एक रकाना असतो, तो तेवढा स्वतः भरावा लागतो. त्या रात्रीच्या फाइल्समध्ये मी काकांचंही नाव घातलं आहे.