जन्माधिष्ठित संशय आणि क्षतिपूर्तीचा प्रश्न : अमेरिकन कृष्णवर्णीयांचा अनुभव

सुत्तनिपातातील वसलसुत्ताचा प्रसंग आपणा सर्वांस परिचित आहे. श्रावस्तीत पिंडपातासाठी निघालेल्या तथागतांना अग्गिक भारद्वाज नावाचा ब्राह्मण दुरूनच पाहतो आणि त्यांना वसल, म्हणजे हीन, असे संबोधून जागच्या जागी थांबण्यास फर्मावतो. त्याने तथागतांचे कोणतेही कृत्य पाहिलेले नव्हते. त्याने पाहिले होते ते केवळ एका मुंडित श्रमणाचे रूप. तथागत रागावले नाहीत. माणूस हीन कशाने ठरतो हे तुला ठाऊक आहे काय, असे त्यांनी विचारले आणि हीनत्व जन्मातून नव्हे, तर आचरणातून येते हे त्याला समजावून दिले. रस्त्याने जाणाऱ्या माणसाला केवळ त्याच्या रूपावरून अडवावे काय, हा प्रश्न आधुनिक काळात अमेरिकेतील न्यायालयांपुढे वारंवार आला. त्याचा इतिहास प्रस्तुत लेखात पाहावयाचा आहे.

अमेरिकन कृष्णवर्णीयांचा लढा महाराष्ट्राला परका नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामी नष्ट करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. विद्यापीठालगतचे हार्लेम त्याच सुमारास कृष्णवर्णीयांची वस्ती म्हणून आकार घेत होते. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार करून, संयुक्त राष्ट्रसंघाकडे कृष्णवर्णीयांच्या वतीने सादर झालेल्या निवेदनाच्या प्रती मागविल्या होत्या.

ज्या न्यूयॉर्कमध्ये बाबासाहेब शिकले त्याच नगरात १७१३ मध्ये असा नियम झाला होता की, चौदा वर्षांवरील कोणत्याही गुलामाने रात्री हातात पेटता कंदील असल्याशिवाय रस्त्यावर फिरू नये. अंधारातही त्याचा चेहरा दिसला पाहिजे, हा त्यामागील हेतू. दक्षिणेकडे साउथ कॅरोलिनात १७०४ पासून गस्ती पथके नेमण्यात आली. मालकाची चिठ्ठी जवळ नसलेल्या गुलामाला ही पथके वाटेत अडवीत व फटके मारीत. १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामी संपली. परंतु गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचे श्रम करवून घेण्याची मुभा त्याच दुरुस्तीत राहिली. मिसिसिपीसारख्या राज्यांनी तत्काळ भटकेपणाविरुद्ध कायदे केले. काम नसलेला कृष्णवर्णीय रस्त्यावर दिसला की तो गुन्हेगार ठरू लागला, आणि दंड भरता न आल्यास त्याचे श्रम भाड्याने दिले जाऊ लागले. चिठ्ठीची जागा कायद्याने घेतली. अडविणारा आणि अडविला जाणारा मात्र तेच राहिले.

शंभर वर्षांनंतरही स्थिती फारशी पालटली नव्हती. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे ह्यूई न्यूटन व बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष स्थापन केला. पोलिसांच्या गाडीमागे जाऊन, ते कृष्णवर्णीयांना रस्त्यात कसे वागवितात यावर कायद्याच्या आधारे नजर ठेवणे हे या पक्षाचे आरंभीचे प्रमुख कार्य होते. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आदींनी उभारलेल्या दलित पँथरने ज्या संघटनेचे नाव घेतले, तिचा जन्म रस्त्यावरील पोलिसी जाचातूनच झाला होता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६८ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टेरी विरुद्ध ओहायो हा निर्णय दिला. तोवर एखाद्याला पकडून त्याची झडती घेण्यास गुन्ह्याचे सबळ कारण लागत असे. आता 'वाजवी संशय' असला, तरी पोलिसाला नागरिकास थांबवून शस्त्रासाठी अंग चाचपता येऊ लागले. टेरीजवळ पिस्तूल सापडले होते, हे खरे. परंतु नियम सर्वांसाठी झाला. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी एकट्याने विरोधी मत नोंदविले.

वाजवी संशयाचे व्यवहारात काय झाले, हे न्यूयॉर्कच्या आकड्यांवरून दिसते. २०११ या एका वर्षात तेथील पोलिसांनी ६,८५,७२४ वेळा लोकांना रस्त्यात अडविले. फ्लॉइड विरुद्ध न्यूयॉर्क शहर या खटल्यात न्यायाधीश शीरा शाइंडलिन यांनी १२ ऑगस्ट २०१३ रोजी निकाल दिला. जानेवारी २००४ ते जून २०१२ या काळात ४४ लाख वेळा लोक अडविले गेले. त्यांत ८३ टक्के कृष्णवर्णीय वा हिस्पॅनिक होते. लोकसंख्येत त्यांचे प्रमाण निम्म्याहून किंचित अधिक होते. ८८ टक्के प्रसंगी पुढे काहीच कारवाई झाली नाही, आणि ज्यांचे अंग चाचपले त्यांपैकी अवघ्या दीड टक्क्यांजवळ शस्त्र मिळाले. म्हणजे संशय बहुतांशी खोटा ठरत होता, तरीही तो थांबत नव्हता. कारण तो कृत्यावर नव्हे, वर्णावर आधारलेला होता. ही पद्धती समतेची हमी देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीचा भंग करणारी आहे, असे न्यायालयाने ठरविले.

निकालाने एक स्वतंत्र देखरेख अधिकारी नेमला आणि पोलिसांच्या अंगावर कॅमेरे लावण्याचा प्रयोग सुरू झाला. अडवणुकीचे प्रमाण पुष्कळ घटले. परंतु या खटल्यात मागणी होती ती प्रथा सुधारण्याची, नुकसानभरपाईची नव्हे. ज्या लाखो निरपराध्यांना भिंतीकडे तोंड करून उभे राहावे लागले, त्यांच्या पदरी काय पडले? ही पद्धती जोमाने राबविणारे माजी महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये एका कृष्णवर्णीय चर्चमध्ये क्षमा मागितली. ते तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या तयारीत होते.

भरपाईची कल्पना अमेरिकेला अपरिचित होती असे मात्र नाही. १८६२ मध्ये राजधानी वॉशिंग्टनमध्ये गुलामांना मुक्त करणाऱ्या कायद्याने प्रत्येक गुलामामागे ३०० डॉलरपर्यंत भरपाई दिली, ती मालकाला! मुक्त झालेल्यास १०० डॉलरपर्यंत मिळणार होते, तेही त्याने देश सोडून जाण्याची तयारी दाखविल्यास. १८६५ च्या जानेवारीत जनरल शर्मन यांनी मुक्त कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत जमीन देण्याचा आदेश काढला. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षी तो फिरविला. दुसऱ्या महायुद्धात स्थानबद्ध केलेल्या जपानी वंशाच्या हयात नागरिकांना १९८८ च्या कायद्याने क्षमायाचनेसह २०,००० डॉलर मिळाले. कृष्णवर्णीयांच्या क्षतिपूर्तीचा केवळ अभ्यास करण्यासाठी आयोग नेमावा, असे विधेयक जॉन कॉनियर्स यांनी १९८९ मध्ये प्रथम मांडले. पुनःपुन्हा मांडूनही ते संमत झालेले नाही.

या पार्श्वभूमीवर शिकागोचे उदाहरण मोलाचे आहे. तेथे १९७२ ते १९९१ या काळात जॉन बर्ज या अधिकाऱ्याने व त्याच्या हाताखालील पोलिसांनी शंभरावर लोकांचा, प्रामुख्याने कृष्णवर्णीयांचा, कोठडीत छळ केला. मुदत उलटल्यामुळे छळाबद्दल बर्जवर खटला होऊ शकला नाही. खोटी साक्ष व न्यायात अडथळा याबद्दल तो २०१० मध्ये दोषी ठरला. पीडितांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लढा सोडला नाही. अखेर मे २०१५ मध्ये नगरसभेने ठराव केला. त्यात क्षमायाचना होती, ५५ लाख डॉलरचा निधी होता, पीडितांसाठी मानसोपचार आणि कुटुंबीयांसह त्यांना नगराच्या महाविद्यालयांत मोफत शिक्षण होते. शिवाय हा इतिहास शाळांतील आठवी व दहावीच्या विद्यार्थ्यांना शिकविण्याचे बंधन होते. कबुली, भरपाई आणि शिक्षण ही तिन्ही अंगे येथे एकत्र आली. केवळ पैसा दिला असता तर सत्य दडपले गेले असते. केवळ क्षमा मागितली असती तर ती शाब्दिक राहिली असती.

बाबासाहेबांना हे मर्म फार पूर्वी उमगले होते. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये मूलभूत हक्कांची कलमे मांडताना त्यांनी अमेरिकेच्या चौदाव्या घटनादुरुस्तीचा आणि १८६६ च्या नागरी हक्क कायद्याचा आधार घेतला. पण चौदावी दुरुस्ती असूनही कृष्णवर्णीयांवर अन्याय होत राहिला, हेही ते जाणून होते. म्हणून हक्क कागदावर लिहून ते थांबले नाहीत. हक्कभंगाविरुद्ध दाद मागण्याचा मार्गही त्यांनी घटनेतच मागितला. ९ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना, ज्या अनुच्छेदाला आज आपण ३२ वा म्हणून ओळखतो, त्यालाच त्यांनी घटनेचा आत्मा म्हटले. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले आणि १९५२ मध्ये ज्यांना विमुक्त म्हटले गेले, त्यांची स्थिती ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना उपायाविना हक्क किती दुबळा असतो हे निराळे सांगावयास नको.

वसलसुत्ताच्या अखेरीस अग्गिक भारद्वाज आपली चूक मान्य करतो आणि तथागतांचा उपासक होतो. अडविणाऱ्याचे परिवर्तन हेही न्यायाचेच अंग आहे. परंतु एक व्यक्ती बदलणे आणि राज्यसंस्थेने आपल्या अपराधाचा हिशेब देणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिली करुणेने साधू शकते. दुसरीसाठी संघटित संघर्ष, नोंदी आणि कायदा यांची गरज असते. शिकागोच्या पीडितांनी चाळीस वर्षांनंतर का होईना, तो हिशेब घेतला. न्यूयॉर्कच्या लाखोंचा हिशेब अद्याप बाकी आहे.