काचेच्या भिंतीवरचं मीठ

पाठ्यपुस्तकात समीकरण असतं: डावीकडे हायड्रोजन आणि ऑक्सिजन, मध्ये बाण, उजवीकडे पाणी. हे सगळं ज्या भांड्यात घडतं, त्याचा उल्लेख कुठेच नसतो. मला मात्र या इतिहासात सगळ्यात जास्त कुतूहल त्या भांड्याचंच वाटतं.

१९२६ साली लेनिनग्राडमध्ये, निकोलाय सेम्योनोव यांच्या प्रयोगशाळेत, युली खारितोन आणि झिनाइदा वाल्टा फॉस्फरसची वाफ ऑक्सिजनमध्ये कशी उजळते ते पाहत होते. ऑक्सिजनचा दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की उजेड बंद. फॉस्फरस आहे, ऑक्सिजन आहे, पण घडत काहीच नाही. त्यात थोडा आर्गॉन सोडला की मात्र पुन्हा उजेड! आणि आर्गॉन तर कुणाच्या अध्यातमध्यात नसणारा वायू.

बर्लिनचे माक्स बोडेनश्टाइन हे या विषयातलं मोठं नाव. अभिक्रिया साखळीसारखी पुढे सरकू शकते, ही कल्पना १९१३ साली त्यांनीच मांडली होती. त्यांनी लेनिनग्राडच्या निष्कर्षांना प्रयोगातला भास ठरवलं. सेम्योनोव यांनी उपकरण सुधारून प्रयोग पुन्हा केले. निष्कर्ष तेच आले. शिवाय कळलं की भांडं मोठं घेतलं तर ती मर्यादा खाली सरकते. पुढे बोडेनश्टाइन यांनीही ते मान्य केलं.

याचा उलगडा भिंतीत आहे. अशा अभिक्रियेत एक चपळ कण दोन-तीन नवे कण तयार करतो, ते आणखी काही, असं करत भडका उडतो. पण कण भिंतीवर आदळला की संपतो. दाब कमी असेल तर वाटेत अडवणारं कुणी नसतं, कण थेट भिंत गाठतात. आर्गॉन काहीही न करता फक्त गर्दी करतो, आणि तेवढ्यानं साखळी जगते.

इकडे ऑक्सफर्डला सिरिल हिन्शेलवुड हायड्रोजन-ऑक्सिजनवर काम करत होते. तिथे आणखी विचित्र प्रकार: ५५० अंश सेल्सिअसच्या आसपास कमी दाबाला स्फोट नाही, थोडा वाढवला की स्फोट, आणखी वाढवला की पुन्हा शांतता. त्या वरच्या मर्यादेपलीकडे हायड्रोजनचा अणू ऑक्सिजनला चिकटून एक सुस्त कण बनतो आणि तो बहुतेकदा भिंतीवर जाऊन विझतो.

मग भिंतच बदलली तर? भांडं पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणानं विसळून वाळवलं, की आत क्षाराचा पातळ थर राहतो. हा थर कण झपाट्यानं गिळतो, त्यामुळे संथ अभिक्रिया आणखी मंदावते. बोरिक आम्लाचा थर उलट कणांना फारसा हात लावत नाही. वायू तेच, तापमान तेच, फक्त लेप वेगळा, आणि वेग पार बदलतो. भिंत बेभरवशाची असेल, तर दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळणार कसे? हल विद्यापीठात आर. आर. बाल्डविन आणि सहकाऱ्यांनी बोरिक आम्लाचा लेप दिलेली, वापरून मुरलेली भांडी घेतली, ती यासाठीच. त्यांत एकच प्रयोग पुन्हा केला तरी आकडा तोच यायचा. इंधनं कशी जळतात याचं गणित मांडायला असेच भरवशाचे आकडे लागतात.

१९५६ चं नोबेल हिन्शेलवुड आणि सेम्योनोव यांना विभागून मिळालं. खारितोन पुढे सोव्हिएत अणुबॉम्बचे प्रमुख रचनाकार झाले. झिनाइदा वाल्टा हे नाव मात्र फारसं कुणाला ठाऊक नाही. समीकरणात भांडं लिहीत नाहीत, तसंच काहीसं हे.