कॅव्हनसाइट
कॅल्शियम, व्हॅनेडियम व सिलिकेट यांचे जलयुक्त, दुर्मिळ खनिज. घटकांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव पडले. ते प्रथम अमेरिकेतील ऑरेगन राज्यात आढळले. पण जगभरच्या संग्रहालयांतील उत्तम नमुने पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतले आहेत.

दख्खनच्या काळ्या बेसाल्टमधील पोकळ्यांत, स्टिलबाइट या पांढऱ्या खनिजावर बसलेले गडद निळे गोळे हीच याची ओळख. तो निळा रंग एकदा पाहिला की विसरता येत नाही. काठिण्य ३ ते ४, म्हणजे चाकूने ओरखडा उठतो. फसगत होते ती पेंटॅगोनाइट या खनिजामुळे: रासायनिक संघटन तेच, रंगही तोच, मात्र स्फटिकरचना वेगळी. पेंटॅगोनाइटचे सुईसारखे स्फटिक भिंगाखाली पाहिल्यास कधीकधी पाच टोकांच्या ताऱ्यासारखे जुळलेले दिसतात.

नमुने गोळा करायचे असल्यास खाणमालकाची परवानगी घेऊन, सुरुंगकाम थांबल्यावरच फुटलेल्या दगडांत शोध घ्यावा. स्फटिकाला हात न लावता भोवतीचा दगड छिन्नीने सावकाश तोडावा. गोळे ठिसूळ असतात; सुटा निळा गोळा हाती येण्यापेक्षा मूळ दगडासह तुकडा मिळणे कितीतरी मोलाचे. मऊ कागदात गुंडाळून त्यावर खाणीचे नाव व तारीख लिहावी.